भुलाबाई पणजीला जाते

आमच्या बुलढाण्यात समुद्र नाही, पण चौपाटी आहे. घाट चढून आल्यावर माथ्यावर वसलेलं हे गाव. इथून समुद्र गाठायचा तर एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस बसमध्ये अंग आंबवून घ्यावं लागतं. तरीही संध्याकाळी भेळवाल्यांच्या, कुल्फीवाल्यांच्या गाड्या जिथे ओळीनं लागतात, त्या जागेला आम्ही सगळे बिनदिक्कत चौपाटी म्हणतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. परवा गेले, तर एका भेळवाल्यानं कहरच केलेला. गाडीशेजारी चक्क प्लास्टिकचं नारळाचं झाड उभं! खोडाला पिवळे दिवे, झावळ्यांना हिरवे, आणि ते सगळे लुकलुक विझायचे नि पुन्हा पेटायचे. आश्विनातली हलकी गार हवा, चिंचेच्या पाण्याचा आंबटगोड वास, आणि समोर ते हिरवंगार खोटं झाड. मी हातातला द्रोण तसाच धरून उभी राहिले. "तिखट झाली का ताई?" भेळवाल्यानं विचारलं. त्याला काय सांगणार! माझं मन केव्हाच घाट उतरून पणजीत, मांडवीच्या काठी जाऊन पोचलं होतं.

मी मुळातच हौशी बाई. शाळेत मराठी शिकवण्यात हयात गेली, मुलांना दर्यावरच्या कविता समजावून सांगताना मी हातांनी लाटा काढून दाखवायची, आणि स्वतः समुद्र पाहिला होता तो एकदाच, भर दुपारी, सहलीतल्या चाळीस पोरींची डोकी मोजता मोजता. समुद्राकाठच्या शहराची संध्याकाळ मला पाहायची होती. दिवे, गाणी, नाचणारी माणसं, पाण्यावरून चालणारी रोषणाईची बोट. त्या बोटीवर म्हणे बायकांना वेगळं बोलावतात आणि हव्या तेवढ्या नाचू देतात. हे ऐकल्यापासून माझ्या पायांना खाज सुटली होती. आमच्याकडे बाई नाचते ती लग्नाच्या वरातीत, तीही पदर सावरत, कोण बघतंय याचा अदमास घेत. मला एकदा अदमास न घेता नाचायचं होतं. आमचे हे निवृत्त झाले, तेव्हा मी पहिल्याच सकाळी चहाबरोबर हे जाहीर करून टाकलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "गुडघ्याचा पट्टा घेशील सोबत." म्हणजे होकार.

आणि मग आत्या. वडिलांची ही एकुलती एक बहीण, सत्तरीला टेकलेली. माहेर साखरखेर्ड्याचं, दिलेली मात्र थेट दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरच्या पलीकडच्या एका खेड्यात. तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजता शिजत नाही, चहाची चवसुद्धा वेगळीच. लग्न होऊन गेली तेव्हा पहिला घोट घेऊन तिनं म्हणे सासूला विचारलं होतं, "मीठ कोनं टाकलं?" त्यावरून अख्ख्या आळीनं तिची वर्षभर टिंगल केली. साखरखेर्ड्याचं आमचं घर पुढे उरलं नाही, आई-वडीलही गेले. मग आत्याचं माहेर आपसूक आमच्या बुलढाण्याच्या दोन खोल्यांत आलं. दिवाळीच्या आगेमागे ती येऊन जायची. त्या वर्षी मी तिला फोन करून म्हटलं, "आत्या, यंदा माहेरपण पणजीला. बॅग भर."

तिनं आधी जायची तारीख विचारून घेतली. मग म्हणाली, "मी नाई येत बापा."

"का गं?"

"तू तं कोजागिरीचा दिवस धरून राह्यली. अन् माह्या भुलाबाईले काय कुलूप लावून येऊ? महिनाभर माहेराले आलेली लेक हाये ती. आखरीच्या दिवशी तिले उगीमुगी लावून देऊ?"

वऱ्हाडातल्या वाचकाला भुलाबाई सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. भादव्याच्या पुनवेला मातीची भुलाबाई आणि भुलोजी घरात बसतात. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर. ती महिनाभर माहेरपणाला आलेली असते. रोज सांजेला पोरी घरोघर जमतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा पुढे ठेवते. त्यात खिरापत असते. ती पोरींनी ओळखायची. गोड की तिखट, भाजलेलं की तळलेलं, असे प्रश्न विचारत विचारत हळूहळू डब्यापर्यंत पोचायचं. ओळखता आलं नाही तर सगळ्यांनी एका सुरात "हरलो" म्हणायचं. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचं, म्हणजे ताटांचं, मखर उभारायचं, शेवटची गाणी म्हणायची आणि भुलाबाईला पाण्यात सोडून सासरी धाडायचं. लहानपणी आमच्या संध्याकाळची सगळी करमणूक हीच, आणि आत्या त्यातली पट्टीची. तिची खिरापत कधी कुणाला ओळखता आली नाही.

पण तिच्या गावात आता पोरी यायच्या बंद झाल्या होत्या. कुणाची शिकवणी, कुणाचा मोबाइल, कुणाला त्या गाण्यांची लाज. आदल्या दोन वर्षी आत्यानं एकटीनंच भुलाबाईला वाटेला लावलं होतं. या गाण्यांत एकीनं विचारायचं असतं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं असतं. एकट्या बाईला ते कसं जमावं? "माहाच प्रश्न अन् माहंच उत्तर," ती मला म्हणाली होती, "पाह्यणाऱ्याले वाटंल म्हातारी येडी झाली." हसत म्हणाली, पण मला ते लागलं. यंदा तरी पोरींच्या गळ्यातून गाणी व्हावीत, चार आवाज मिळावेत, एवढंच तिच्या मनात होतं, आणि मी नेमकी तीच संध्याकाळ नाचायच्या बोटीसाठी धरून बसले होते. तारीख बदलता येत नव्हती, ह्यांनी सगळं आरक्षण करून टाकलं होतं. मी म्हटलं, "मग तिलाही घेऊन ये."

मी हे बोलून गेले खरं, पण आत्या ते इतकं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं. निघायच्या दिवशी ती बुलढाण्याच्या बसस्टँडवर उतरली ती खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेले भुलाबाई-भुलोजी, आणि काखेत चांगले पुरुषभर उंचीचे, कणसांसकट, ज्वारीचे पाच हिरवे धांडे. आमचे हे बघतच राहिले.

"आत्या, हा कडबा कुठं घेऊन चाललात?"

"कडबा नाई जावईबापू, मखर हाये. तिकडं पेरत असतीन काय जवारी?"

स्लीपरच्या गाडीत क्लीनरनं धांडे आत घ्यायला साफ नकार दिला, मग आत्यानं त्याला भुलाबाई दाखवली. तो जालन्याकडचा निघाला. त्यानं हात जोडले आणि धांडे मधल्या वाटेत आडवे घालून दिले. रात्रभर जो उठे तो त्या कणसांना अडखळे आणि अंधारात ज्वारीचा कोवळा वास दरवळे. सकाळी घाटाखाली गाडी उतरली आणि खिडकीतून पहिल्यांदा दमट, खारट वारा आत आला, तेव्हा आत्यानं नाक वर केलं. "आमच्या विहिरीसारखाच वास हाये," ती म्हणाली आणि एकदम निर्धास्त झाली.

पणजीची ती संध्याकाळ! काय सांगू आणि काय नको असं मला अजूनही होतं. मांडवीचं पाणी एका बाजूनं सोनेरी, दुसऱ्या बाजूनं जांभळं, आणि उजेड ओसरत गेला तसतसे काठावरचे, पुलावरचे, नदीत उभ्या असलेल्या त्या अवाढव्य जुगारी बोटींचे दिवे एकेक करून लागत गेले. लाल, निळे, जांभळे, आणि त्या प्रत्येक दिव्याची खाली पाण्यात थरथरती शेपटी. कुठून तरी गिटारचे सूर, कुठून ढोलाचा ठेका, भाजत्या माशांचा वास, अबोलीच्या गजऱ्यांचा वास, फुटपाथवरून हसतखिदळत चाललेली देशोदेशीची माणसं, आखूड कपड्यांतल्या पोरी, फुलाफुलांचे सदरे घातलेले पोटवाले काका. आमच्या ह्यांनीही तसला एक सदरा दुपारीच विकत घेतला होता. त्यावर पोपट होते. मला तर कुठे बघू आणि कुठे नको असं झालेलं. पुढच्या गल्लीत गाण्याची हॉटेलं, पलीकडे रात्रबाजार, थोडं पुढे वाळू. सगळं शहर जणू अंघोळ करून, नवे कपडे घालून दारात उभं राहिलं होतं, आणि मी एवढी वर्षं ह्यावाचून कशी राहिले याचंच मला नवल वाटत होतं.

आत्या मात्र वेगळंच काही शोधत होती. दुपारी हॉटेलच्या खोलीत तिनं टीव्हीशेजारी भुलाबाई मांडली, धांडे कपाटाला टेकवले, आणि खालच्या न्याहारीच्या हॉलमधून काय काय गोळा करून, मला पाठ करून, डबा भरला. "बघू नको वं!" असं दटावलंही. मग खिडकीशी उभी राहून विचारलं, "इथं पोरी कुठं भेटतीन?" मी म्हटलं, "आत्या, इथे कोण ओळखतं भुलाबाईला? आपण दोघी म्हणू." ती पदरानं डबा पुसत राहिली. मला तिची कीव आली आणि रागही आला, खरं सांगते. एवढा आयुष्यात एकदा येणारा दिवस, आणि मला तिच्या चेहऱ्याकडे पाहून धड आनंदही करता येईना. बोटीच्या धक्क्यावर निघताना तिनं पिशवी घेतली, डबा घेतला, आणि ते पाच धांडेही घेतले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काही बोलू नका."

धक्क्यावर ही गर्दी! बोट यायची होती, रांग लांबच लांब, हे पोपटांच्या सदऱ्यात रांगेत उभे, आणि मी नि आत्या बाजूच्या कठड्याशी. पूर्वेकडे इमारतींच्या वर कोजागिरीचा चंद्र नुकता आलेला, अजून पिवळट, मोठा. आणि तेवढ्यात आत्यानं माझा दंड धरला, इतका घट्ट की दुखला.

"पोरी! पाह्य वं, पोरी!"

कठड्याच्या टोकाला सहा-सात मुली बसल्या होत्या. तांबड्या चौकड्यांची, पोटऱ्यांपर्यंत आखूड नेसलेली लुगडी, अंबाड्यावर अबोलीचे गजरे, कपाळाला ठसठशीत कुंकू, पायांत वाळे. कोजागिरीची सांज, चंद्र वर आलेला, आणि लुगडी नेसून, फुलं माळून एकत्र बसलेल्या पोरी! आमच्या भागातल्या कुठल्याही बाईनं त्याचा एकच अर्थ काढला असता. मी तिला थांबवायच्या आत आत्या धांडे सावरत तिकडे पोचलीसुद्धा.

"काय वं पोरी हो, तुमची भुलाबाई कुठं बसवली?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. एक वेफर्स खात होती, तिचा हात पुडीतच राहिला. त्या होत्या बोटीवर लोकनृत्यं करणाऱ्या पथकातल्या. एक फेरी करून उतरलेल्या, पुढच्या फेरीची वाट बघत बसलेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धावत गेले, "अगं, या आत्या, त्यांना वाटलं..." वगैरे सुरू केलं. पण त्यांच्यातली उंच मुलगी, बहुधा पथकाची म्होरकी, माझ्याकडे लक्ष न देता आत्याच्या हातातल्या कणसांकडे बघत होती. "मावशे, हें कितें?" हे काय, असं तिनं कोकणीत विचारलं.

आणि आत्यानं सांगितलं. शुद्ध वऱ्हाडीत, एक श्वास न घेता. भुलाबाई कोण, माहेराला कशी येते, महिनाभर काय खाते, आज तिला जायचं कसं आहे, आणि गावात पोरीच उरल्या नाहीत म्हणून तिला एवढ्या लांब गाडीत निजवून कसं आणलं. मुलींना किती समजलं देव जाणे. त्या आपसात कोकणीत भराभर बोलल्या. मग उंच मुलीनं मराठीत विचारलं, "गाणं कसं हां? एकदा म्हणून दाखव."

आत्यानं टॉवेल सोडून भुलाबाई कठड्यापुढच्या मोकळ्या जागेत ठेवली. टिपऱ्या काढल्या. आवाज आधी घोगरा लागला, मग दुसऱ्या ओळीला मोकळा झाला. त्या मुली रोज गाण्यावर पोट भरणाऱ्या. दुसऱ्या कडव्याला त्यांनी पालुपद उचललंसुद्धा. शब्द निम्मे चुकीचे, चाल मात्र अगदी चोख. आत्यानं विचारायचं आणि सहा-सात तरण्या गळ्यांनी उत्तर द्यायचं. उंच मुलीनं एकेक धांडा एकेकीच्या हातात दिला, आणि भुलाबाईच्या भोवती पाच जणी कणसं वर धरून अशा उभ्या राहिल्या, की ते मखरच झालं. मग त्यांचे पाय थोडेच थांबणार! गोलात फेर सुरू झाला. रांगेतली माणसं वळून बघू लागली, फोन वर झाले. शरद पुनवेला आपल्या घरी गरबा चुकला म्हणून हळहळणाऱ्या दोन गुजराती बायका रांग सोडून आल्या आणि पर्सेस बगलेत मारून त्या फेरात शिरल्या. आत्याच्या गळ्यात एवढा आवाज अजून शिल्लक आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

गाणं थांबलं, सगळ्या धापा टाकत हसू लागल्या, आणि आत्यानं पदराआडून डबा काढून मधोमध ठेवला. "आता वळखा."

"गोड?" उंच मुलगी.

"हाव, गोड."

"नारळ आसा?"

"नाई."

मग एकच गिल्ला. खाजं का, दोदोल का, लाडू का, चणे का? गुजराती बायकांनी सुखडीपासून मोहनथाळापर्यंत सगळं विचारून पाहिलं. आत्या प्रत्येकीला मान हलवून "नाई" म्हणायची आणि प्रत्येक "नाई"गणिक तिचा चेहरा जास्तच खुलायचा. रांगेतून एक दाढीवाला पंजाबी गृहस्थ ओरडला, "हलवा, माताजी?" "नाई!" तेवढ्यात लांबून भोंगा वाजला. बोट लागत होती. हे पोपटांचा सदरा फडफडवत दोन्ही हात हलवू लागले. मी म्हटलं, "आत्या, पुरे आता, बोट सुटेल!"

"सुटली तं सुटू दे. हरलो म्हनल्याबिगर डबा उघडत नाई."

माझी बोट, माझा नाच, आणि ही बाई डब्यावर हात ठेवून बसलेली! पण हात लावायची माझी छाती झाली नाही. अखेर मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि सगळ्या एका सुरात ओरडल्या, "हरलो!" आत्यानं झाकण काढलं. मुलींनी वाकून पाहिलं, बोटांनी उचलून तोंडात टाकलं, आणि अशी किंकाळी मारली की रखवालदार धावत आला. सकाळच्या न्याहारीतली उरलेली पोई, म्हणजे त्यांचा तो रोजचा कोंड्याचा पाव, आत्यानं हातानं कुस्करली होती आणि त्यात गूळ नि तूप घालून मलिदा केला होता. स्वतःच्याच घरचा पाव त्यांना ओळखता आला नव्हता! उंच मुलगी हसून हसून खाली बसली. "मावशे, फसवलंस गो!" ती म्हणाली. डबा चाटूनपुसून रिकामा झाला.

आणि बोट? ती आम्हाला सोडून गेली असती कशी! तिच्यावर नाचणाऱ्या मुलीच आमच्याबरोबर पळत होत्या. दारावरच्या तपासणीवाल्या बाईनं आत्याची पिशवी उघडली, आत टॉवेलातून दोन मातीचे चेहरे तिच्याकडे बघताना पाहून चपापली, आणि पिशवी पुन्हा हळूच बंद केली. धांडे मात्र रखवालदारानं ठेवून घेतले.

पुढचा तासभर मी कुठे होते ते मला सांगता यायचं नाही. बोट दिव्यांमधून चालली होती, वारा केसांशी झोंबत होता, चंद्र आता चांदीचा झाला होता आणि अगदी आमच्या बरोबरीनं पाण्यातून येत होता. त्या मुलींनी फुगडी घातली, डोक्यावर पेटत्या समया तोलून नाचल्या, आणि मध्येच आत्याकडे बघून हळूच डोळा मिचकावला. मग निवेदकानं मुलांना बोलावलं, जोडप्यांना बोलावलं, आणि अखेर हिंदीत पुकारा झाला, आता फक्त महिला! मी उठले. गुडघ्याचा पट्टा घट्ट केला आणि गेले. नाचले! कोण बघतंय ते बघितलं नाही, पदर कुठे गेला ते बघितलं नाही, ठेका चुकला तरी पर्वा केली नाही. शेजारी ती गुजराती बाई, पलीकडे एक कॉलेजातली पोरगी, समोर कुणाची तरी सासू. घामानं निथळले, घसा कोरडा पडला, आणि मनात येत होतं ते एवढंच, की अजून थोडं, अजून थोडं वाजू दे. आत्या आली नाही. ती मांडीवर पिशवी घेऊन बसल्या जागी कठड्यावर टिपरीनं ताल धरत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सगळे रंग आळीपाळीनं पडत होते.

उतरलो. काठाकाठानं थोडं चालल्यावर पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या लागल्या. गर्दी मागे राहिली होती. हे म्हणाले, "चला आत्या, आटपून घेऊ. सकाळी गाडी आहे, बॅगा भरायच्यात." त्यांनी मोबाइलचा उजेड धरला. आत्या खालच्या पायरीवर बसली, टॉवेल सोडला, भुलाबाईला दोन्ही हातांत घेतलं. सगळं मनासारखं झालं होतं. गाणी झाली होती, फेर झाला होता, खिरापत झाली होती. आता फक्त हात खाली न्यायचे होते. पाणी तिच्या बोटांपासून वीतभर होतं. ती तशीच बसून राहिली.

"आज नाई," ती म्हणाली.

"अहो, कोजागिरीलाच ना..." हे म्हणू लागले.

"मले ठाऊक हाये कोजागिरी हाये. पन आज नाई जात ती. तिले करमून राह्यलं इथं." आणि मग समोरच्या दिव्यांकडे बघत, माझ्याकडे न वळता, बारीक आवाजात म्हणाली, "अजून एक सांज राहू दे ना वं."

"भुलाबाईला?"

"मले बी."

लहानपणापासून मी आत्याला माहेरी येताना पाहत होते. ती यायची तेव्हाच तिचा परतीचा दिवस ठरलेला असायचा. सासूनं तो सांगूनच पाठवलेलं असायचं. त्या दिवशी सकाळी तिची पिशवी दाराशी तयार असायची. आई म्हणायची, राहा की एक दिवस. आत्या हसून म्हणायची, नाई वयनी, म्हशी हायेत. सासू गेली, म्हशी विकल्या, मुलं आपापल्या संसाराला लागली, तरी बुलढाण्याला ती यायची ती दिवस ठरवून आणि जायची ती त्याच दिवशी. "राहू दे" हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. वडिलांजवळ नाही, आईजवळ नाही. तो तिनं आता उच्चारला, सत्तराव्या वर्षी, परक्या गावात, नदीच्या पायरीवर, आणि मागितला तो माझ्याकडे. तिच्या माहेरचं आता दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी उजेड बंद केला आणि फोन कानाला लावला. गाडीवाल्याशी बराच वेळ हुज्जत घालत ते लांब गेले. मी पायरीवर तिच्याजवळ बसले. "राहा," मी म्हटलं, "तुला कोण हाकलतंय?" आत्यानं भुलाबाईला पुन्हा टॉवेलात गुंडाळलं आणि एकदम लहान पोरीसारखी विचारती झाली, "मंग आता कुठं जाऊन राह्यलो आपन?"

दुसऱ्या दिवशी आम्ही काय काय केलं! गिटारवर गाणाऱ्याच्या हॉटेलात कोकम सरबत प्यालो; तो गात होता आणि सगळे जेवत होते, ते पाहून आत्या कासावीस झाली. "त्याले म्हना आधी जेवून घे," असं तिनं वेटरला दोनदा सांगितलं. रात्रबाजार सुरू व्हायच्या आत सगळ्या टपऱ्या पालथ्या घातल्या. मिरामारच्या वाळूत तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत धरून लाटांत पाय घातले, ओंजळभर पाणी जिभेला लावलं आणि विहिरीशी ताडून पाहिलं. सूर्य बुडाला तेव्हा आम्ही तिघांनीच गाणं म्हटलं. प्रश्न आत्याचे, उत्तरं आम्हा दोघांची, आणि ह्यांचा सूर कुठल्याही गावाला न जाणारा. मग आत्या कमरेइतक्या पाण्यात गेली आणि भुलोजीसकट भुलाबाईला सोडून आली. एक दिवस उशिरा गेली म्हणून सासरी कुणी तिला बोललं असेल, तर ते आमच्यापर्यंत आलं नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. बोटीवर कुठली गाणी लागली होती ती मला आठवत नाहीत. ते दिवे सगळे एकमेकांत मिसळून गेलेत, पोपटांचा सदरा विटला, आणि त्या उंच मुलीचं लग्न झालं असेल, ती आता कुठल्या गावी असेल कोण जाणे. माणूस करमणुकीच्या शोधात एवढा लांब जातो, आणि परत येताना भलतंच काही घेऊन येतो, जे त्यानं मागितलेलंही नसतं. मला नाचायचं होतं, मी नाचले. ते सुख खरंच होतं, त्याला मी उणं म्हणणार नाही. पण दिवस जातात तसं माझ्या हाती उरतं ते एका बाईचं मान वळवून, हळूच काहीतरी मागणं. एवढं मागायला तिला अख्खं आयुष्य लागलं, याचं वाईट वाटतं. मागितलं याचा आनंद त्याहून मोठा आहे.

सध्या ती आमच्याकडेच आली आहे. काल शेजारच्या वहिनी डोकावल्या, आणि बायका विचारतात तसं त्यांनी सहज विचारलं, "काय आत्या, किती दिवस मुक्काम? परत कधी जाणार?"

आत्या शेंगा निवडत होती. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही.

"अजून ठरलं नाई," ती म्हणाली.